ठाणे-नवी मुंबईत नवीन आलात? ऑफिस, घर आणि स्वतःचा वेळ कसा बसवायचा

नोकरी लागली, ऑफिस ऐरोलीला नाहीतर महापेला, भाड्याचं घर कळव्याला किंवा घोडबंदरला मिळालं, आणि दोनच महिन्यांत माणूस म्हणायला लागतो की दिवस कुठे जातो कळतच नाही. कोल्हापूर, जळगाव, नांदेडहून आलेल्यांना हे जास्तच जाणवतं कारण तिकडे ऑफिस सुटलं की पंधरा मिनिटांत घरचा चहा हातात, आणि इकडे ऑफिस सुटलं की मग खरी धावपळ सुरू. त्यात कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवतं की पहाटे पाचला उठा, ध्यान करा, डायरी लिहा, थंड पाण्याने आंघोळ करा. उठा की, कोण नको म्हणतंय, पण रात्री साडेदहाला जेवणाऱ्या माणसाने पाचला उठून काय करायचं, झोपेतच डायरी लिहायची?

माझं म्हणणं थोडं उलटं आहे. आपल्याकडे दिवसाचं प्लॅनिंग सकाळपासून करून उपयोग नाही, ते संध्याकाळपासून मागे मागे करायचं. म्हणजे परतीची लोकल आधी ठरवायची (बसने जात असाल तर बस, गाडीने जात असाल तर पार्किंगमधून गाडी काढायची वेळ) आणि बाकीचा दिवस त्या वेळेच्या हिशोबाने लावायचा. हे कसं करायचं ते खाली पायरीपायरीने लिहिलंय. सगळ्या पायऱ्या एकदम करायला जाऊ नका, पहिल्या दोन जमल्या तरी पुष्कळ झालं.

पायरी 1: एक आठवडा फक्त लिहून काढा

अ‍ॅप वगैरे काही डाऊनलोड करू नका. किचनमध्ये कालनिर्णय लटकतंय ना, ज्याच्यावर दुधाचा हिशोब असतो, त्याच चौकोनात पेन्सिलीने रोज पाच वेळा लिहायच्या. घरातून किती वाजता निघालो, ऑफिसला किती वाजता पोचलो, खुर्चीतून किती वाजता उठलो, घरी किती वाजता आलो आणि झोपलो किती वाजता. बस. मूड कसा होता, किती पाणी प्यायलो, असलं काही लिहायला गेलात की बुधवारपर्यंत कंटाळा येतो आणि चौकोन रिकामे राहायला लागतात.

आठवडा झाला की ते आकडे घेऊन बसा. समजा तुम्ही वाघबीळला राहताय आणि ऑफिस महापे एमआयडीसीत. वाघबीळ ते ठाणे स्टेशन बस किंवा रिक्षा, मग ट्रान्स हार्बरने (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल) कोपरखैरणे, तिथून शेअर रिक्षा. यात लोकलचा प्रवास जेमतेम विसेक मिनिटांचा आहे आणि तो रोज साधारण तेवढाच राहतो. वेळ खातात ती दोन टोकं. घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कापूरबावडी, माजिवड्यापर्यंत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, कॅडबरी जंक्शन, नितीन कंपनी, मग स्टेशनजवळ सॅटिसवर (स्टेशनबाहेरचा बसचा पूल) चढताना परत रांग. म्हणजे लोक शिव्या घालतात लोकलला आणि खरा वेळ जातो लोकलपर्यंत पोचण्यात. हे एकदा स्वतःच्या आकड्यांत दिसलं की काय बदलायचं ते आपोआप सुचतं. कोणी घरून वीस मिनिटं आधी निघून चाळीस मिनिटं वाचवतं, कारण घोडबंदरला साडेसात आणि आठ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कोणाला कळतं की रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा रबाळे किंवा ऐरोली स्टेशनवरून ऑफिसपर्यंत चालत जाणं परवडतं.

पायरी 2: परतीची लोकल पक्की करा

ही मुख्य पायरी आहे, बाकीच्या सगळ्या हिच्यावर उभ्या आहेत.

ऑफिस सहाला सुटतं म्हणून 6:10 ची लोकल धरली असं करू नका. ती तुम्हाला आठवड्यातून एकदाच मिळेल आणि बाकी चार दिवस चुकली म्हणून चिडचिड होईल. पाचातले चार दिवस खरंच मिळेल अशी गाडी शोधा, समजा 6:40 ची. एम-इंडिकेटर या अ‍ॅपवर वेळापत्रक असतं, तिथे आपल्या स्टेशनच्या पुढच्या-मागच्या दोन गाड्याही बघून ठेवा. ठाण्याला उतरून डोंबिवली-कल्याणकडे जायचं असेल तर गाडी बदलायला दहा मिनिटं वेगळी धरा, ट्रान्स हार्बर 9-10 नंबरला लागते आणि संध्याकाळी त्या पुलावर माणसाला माणूस चिकटलेला असतो, तिथे पळून काही होत नाही. रोज एकाच डब्यात चढा, असा डबा जो ठाण्याला पुलाच्या जिन्यापाशी थांबतो. हे दोन-चार दिवसांत समजतं आणि तेवढ्याने एक कनेक्शन वाचतं.

मग ऑफिसच्या कॅलेंडरवर ती वेळ ब्लॉक करा. नुसती निघायची वेळ नाही, तिच्या आधीचा अर्धा तासही. या अर्ध्या तासात नवीन काही सुरू करायचं नाही. उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिहायची, अर्धवट मेल असतील ते पूर्ण करून सकाळी 9 ला जातील असे शेड्यूल करून टाकायचे (जीमेलला ही सोय 2019 पासून आहे, आउटलुकमध्येही आहे), डबा धुवायचा, बाटली भरायची, चार्जर बॅगेत टाकायचा. हे शेवटचं मुद्दाम सांगते कारण लोकल चुकण्याची अर्धी कारणं चार्जर, छत्री आणि आयकार्ड हीच असतात.

आता सगळ्यात अवघड भाग, लोकांना सांगणं. इथे आपल्या भागाचा एक फायदा आहे. ‘मला घरी जायचंय’ म्हटलं की समोरचा चार प्रश्न विचारतो, ‘लोकल चुकेल’ म्हटलं की तोच माणूस लिफ्टचं बटण दाबून देतो. साहेबांनाही बदलापूरची गाडी पकडायची असतेच. त्यामुळे नोकरीला लागल्यापासून पहिल्याच महिन्यात टीममध्ये सगळ्यांना कळू दे की तुम्ही 6:40 वाले. ‘सर, 6:40 ची गाडी असते माझी, त्याच्या आधी जे सांगाल ते करून जातो.’ एकदा का आठ-आठपर्यंत बसायची ओळख झाली की नंतर वेळेवर उठलं तरी लोक विचारतात, आज लवकर?

यूएस किंवा यूकेच्या क्लायंटचं काम असेल तर हे असं सरळ होत नाही, मान्य आहे. ऐरोलीच्या टेक पार्कमधल्या कितीतरी जणांचे कॉल रात्री साडेनऊला असतात. त्यांनी दोन गोष्टी मागून बघाव्यात. एक, कॉल ऑफिसात बसून नको, लवकर निघून घरून घेतो. दोन, रोज रात्री नको, दिवस ठरवा, मंगळवार-गुरुवार वगैरे. बरेच मॅनेजर दुसऱ्या गोष्टीला हो म्हणतात कारण त्यांनाही रोज रात्री तोंड दाखवायचा कंटाळा आलेला असतो, फक्त कोणी विचारत नाही. आणि ज्या दिवशी रात्री कॉल त्या दुसऱ्या दिवशी सकाळची लोकलही उशिराची, हे त्याच बोलण्यात पक्कं करून घ्या, नंतर वेगळं मागायला गेलं की ती सवलत वाटते.

पायरी 3: ऑफिसातले तास

पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने 1955 मध्ये गमतीगमतीत लिहिलं होतं की काम मिळेल तेवढ्या वेळात पसरत जातं. कोणत्याही ऑफिसात संध्याकाळी चारनंतर बघा, पटेल. परतीची वेळ पक्की असली की हे पसरणं आपोआप कमी होतं, म्हणून ती पायरी आधी घेतली.

सकाळी पोचल्यावर मेल उघडायच्या आधी कालच्या कागदावरचं पहिलं काम हातात घ्या. तासभर तरी. मेल आणि ग्रुपचे मेसेज साडेअकराला बघितले तर काही आभाळ कोसळत नाही, खरंच अर्जंट असेल तर माणूस फोन करतो किंवा खुर्चीपाशी येऊन उभा राहतो. पोमोडोरो नावाची एक पद्धत सगळे सांगतात, 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं सुट्टी, 1980 च्या दशकात एका इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर लावून सुरू केलेली. वाईट नाही, रिपोर्ट लिहिणं, कोडिंग, अकाउंट्सची जुळवाजुळव याला छान चालते. पण सपोर्टला किंवा फ्रंट डेस्कला असाल तर विसरा, 25 मिनिटं तुम्हाला कोणी गप्प बसू देणार नाही.

नवीन माणसाची खरी पंचाईत होते ती नाही म्हणताना. पाच वाजता मॅडम येतात आणि म्हणतात, ‘हे जरा आजच बघशील का?’ इथे ‘नाही’ म्हणू नका आणि ‘हो’ही म्हणू नका. विचारा, ‘मॅडम, उद्या सकाळी साडेदहापर्यंत दिलं तर चालेल का? आज द्यायचं असेल तर ते इन्व्हॉइसचं उद्यावर जाईल.’ बऱ्याचदा उत्तर येतं की अगं उद्या दे ना. आजच हवं असेल तर काय मागे ठेवायचं ते त्या ठरवतील, तुमच्या डोक्यावर दोन्ही राहत नाही. आणि महिन्यातून एखाद दिवस खरंच थांबावं लागतं, मंथ एंड असतो, ऑडिट असतं, तेव्हा तोंड वाकडं न करता थांबा, म्हणजे बाकीचे दिवस 6:40 ला कोणी काही बोलत नाही.

पायरी 4: सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच मांडा

हे फार लोक करत नाहीत आणि मग डिसेंबरात रजा वाया जातात. आपल्याकडे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 आहे, बोलताना सगळे शॉप अ‍ॅक्ट म्हणतात. त्यात वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा आहे, म्हणजे सीएल, आणि ती त्या वर्षात नाही घेतली तर संपते. वर्षात 240 दिवस काम भरलं की दर 20 दिवसांमागे 1 दिवस भरपगारी रजा, ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. कामाचे तास मूळ कायद्यात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48. दिवसाचे 9 चे 10 करायला सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, आठवड्याचे 48 मात्र तसेच ठेवले. मॅनेजर दर्जाच्या पदाला हा कायदा लागू होत नाही, म्हणून अपॉइंटमेंट लेटरवर पद काय लिहिलंय ते वाचा, नुसतं ‘असिस्टंट मॅनेजर’ बघून खूश होऊ नका. एचआर पॉलिसीची पीडीएफ मागून घ्या आणि रजांचं पान फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आता कालनिर्णय परत काढा. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, हे 2015 पासून आहे. राज्य सरकारी ऑफिसांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा, वेळ 9:45 ते 6:15, त्यामुळे कोकण भवनातलं (बेलापूरची सरकारी ऑफिसं) काम शनिवारी उरकू म्हणाल तर बेलापूरला जाऊन फक्त उसाचा रस पिऊन याल. अशी कामं साठवून तीन महिन्यांतून एक सीएल त्यासाठीच ठेवायची, त्या एका दिवसात बँक, आधार, गॅसचं काय ते, दाताचा डॉक्टर, सगळं. गावाकडे गणपती किंवा शिमग्याला जायचं असेल तर रजेचा अर्ज आणि रेल्वेचं बुकिंग एकाच दिवशी करा, कारण कोकणातल्या गाड्या गणपतीत मिनिटांत फुल होतात आणि तिकीट हातात असलं की साहेबांशी बोलायलाही जोर येतो.

पायरी 5: घरचं काम, आणि ते कोण करतंय

इथे जरा थांबून बोलते कारण वेळेच्या नियोजनाचे बहुतेक लेख घर हे आपोआप चालतं असं धरून लिहिलेले असतात. कणीक कोण मळतं, गॅस कोण बुक करतं, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या हिरव्या रंगाचे कपडे’ हा मेसेज रात्री दहाला कोण वाचतं, हे काही त्यांच्यात येत नाही.

आधी दोघांनी (किंवा फ्लॅटवर तीन-चार जण राहत असाल तर सगळ्यांनी) बसून कामांची यादी करा. दिसणारी कामं लगेच लिहिली जातात, स्वयंपाक, भांडी, कपडे. न दिसणारी मुद्दाम आठवायला लागतात. भाजी संपली हे लक्षात ठेवणं, मावशी येणार नसल्या तर पर्याय बघणं, पाण्याचा फिल्टर, मेंटेनन्सचा चेक, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, पाळणाघराच्या ताईंना महिन्याचे पैसे. मग प्रत्येक काम एका माणसाच्या नावावर पूर्ण टाका, आठवण ठेवण्यासकट. ‘सांगितलंस तर करेन’ हे वाक्य घरात बंद. सांगणं हेच तर अर्धं काम आहे! नवऱ्याच्या नावावर भाजी असेल तर कोणती आणायची, कधी आणायची, गवार आणली तर निवडणार कोण, हे सगळं त्याचं. पहिले दोन आठवडे घरी तीन दिवस लागोपाठ बटाटा होईल, होऊ दे.

रविवारी संध्याकाळी दीड तास किचनमध्ये दोघांनी मिळून घातला तर आठवड्याच्या सकाळी रिकाम्या होतात. आमच्याकडे साधारण असं चालतं. ओट्याच्या एका बाजूला वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला घ्यायची, ती न धुता कोरडीच कापडात गुंडाळून डब्यात ठेवायची म्हणजे तीन-चार दिवस टिकते, धुतलीत तर दुसऱ्या दिवशी चिकट. दुसरा माणूस लसूण सोलतो, एक वाटीभर, टीव्ही बघत बघत होतो. मटकी सकाळीच भिजत घातलेली असते, ती उपसून फडक्यात बांधून टांगायची, सोमवारी रात्रीपर्यंत मोड येतात. दाण्याचं कूट, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, चिंचेचा कोळ, हे तीन डबे फ्रिजमध्ये असले की आमटी-उसळ वीस मिनिटांत होते. कणीक मात्र जास्त दिवसांची मळू नका, काळी पडते आणि पोळ्या वातड होतात, आदल्या रात्रीची ठीक आहे.

आणि पोळीभाजी केंद्राची लाज बाळगू नका. ठाण्यात नौपाड्यापासून वाशी-नेरूळच्या सेक्टरपर्यंत गल्लोगल्ली आहेत, पोळ्या गरम मिळतात, भाजी घरच्यासारखी असते. ‘आमच्या वेळी आम्ही नोकरी करून सगळं घरी करायचो’ असं कोणीतरी काकू म्हणतीलच, त्यांना हो म्हणायचं आणि सहा पोळ्या घेऊन घरी यायचं. मंगळवार आणि शुक्रवार बाहेरच्या पोळ्या असं ठरवून टाका, ठरवलेलं असलं की तो आळस वाटत नाही आणि रोज रात्री आठ वाजता ‘आज काय करायचं’ यावर वाद होत नाही.

पायरी 6: लोकलमधल्या वेळाला हात लावू नका

बरेच जण सांगतील की प्रवासात कोर्स करा, पॉडकास्ट ऐका, मेल संपवा. बसायला जागा मिळत असेल आणि मनापासून करावंसं वाटत असेल तर करा. पण ऐरोली ते ठाणे दहा-बारा मिनिटांत कोणती करिअर घडणार आहे? लेडीज डब्यात भाजी निवडतात, हळदीकुंकू करतात, चौथ्या सीटवरून भांडतात, झोपाही काढतात, त्यातलं काहीही चालेल. दिवसातला हा एकच वेळ असा आहे की तुम्ही कोणाचेच नसता, ना ऑफिसचे ना घरचे. एकच काम तिथे करा, ऑफिसचे ग्रुप म्यूट. फोनमध्ये फोकस मोड असतो, त्याला वेळ लावून ठेवली की संध्याकाळी 7 नंतर कामाचे नोटिफिकेशन येत नाहीत, आई, नवरा-बायको, शाळा एवढे नंबर सुरू ठेवायचे.

पायरी 7: घरून काम असेल त्या दिवशी

आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम असलेले आता पुष्कळ आहेत आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी जास्त उशीर होतो, कारण लोकलच नाही. वन बीएचकेमध्ये डायनिंग टेबलवर लॅपटॉप, मागे कुकरची शिट्टी, दर वीस मिनिटांनी बेल. घरी आहेस म्हणून गॅसवाला, कुरिअर, सोसायटीच्या टाकीचं पाणी, सगळं तुमच्याकडे येतं.

दोन उपाय मला तरी चालताना दिसतात. वॉचमनला सकाळीच सांगून ठेवा की दादा, पार्सल खालीच ठेवा, मी साडेपाचला घेऊन जाते. आणि दुसरा, घरून कामाच्या दिवशीही 6:40 पाळायची. त्या वेळी लॅपटॉप बंद करून बॅगेत घालायचा, बॅग कपाटात, आणि खाली उतरून एक चक्कर मारायची, भाजी आणा, दूध आणा, नाहीतर नुसतं गेटपर्यंत जाऊन या. लॅपटॉप टेबलवर उघडा राहिला तर जेवताना पण एक डोळा तिकडे जातो, स्वतःच करून बघा. घरात वडीलधारी मंडळी असतील तर मीटिंग चालू आहे हे कशावरून ओळखायचं ते त्यांना समजावून सांगा. ‘आई, हेडफोन कानाला असला की मीटिंग चालू आहे, तेव्हा मला खुणेने विचारा.’ त्या विचारतीलच, पण खुणेने.

पायरी 8: मेगाब्लॉक, पाऊस वगैरे

रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, मेन लाईनला, हार्बरला, कधी ट्रान्स हार्बरलाही, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार-साडेचार. शनिवारच्या पेपरात किंवा रेल्वेच्या हँडलवर येतं. रविवारी दादरला लग्न असेल तर शनिवारी रात्रीच बघून ठेवा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आठवड्यातला एक दिवस गेला असं धरूनच डेडलाईन द्या. बॅगेत एक जोडी कोरडे मोजे आणि मोबाईलला झिपची पिशवी. मेन लाईन ठप्प झाली म्हणजे ट्रान्स हार्बर बंद असेलच असं नाही, त्यामुळे घाबरून ओला बुक करायच्या आधी स्टेशनवरच्या माणसाला विचारा. आणि रेड अलर्टच्या दिवशी हिरोगिरी नको, सकाळीच मेसेज टाका की आज घरून.

पायरी 9: स्वतःसाठी एकच गोष्ट, पण वार ठरवून

‘वेळ मिळाला की करू’ मध्ये वेळ मिळत नाही, हे तुम्हाला माहितीये. म्हणून आठवड्यातली एकच गोष्ट घ्या आणि तिला वार द्या. स्वस्तातल्या खूप गोष्टी आहेत आपल्याकडे. सकाळी उपवनला किंवा येऊरला चालायला जा, बेलापूरकर असाल तर पारसिक हिल, नेरूळला ज्वेलचा तलाव. थंडीत पाम बीच रोडच्या बाजूला फ्लेमिंगो येतात तेव्हा तर फुकटात बघायला मिळतं. वाचायची आवड असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, मेंबर व्हा, पुस्तक परत करायची तारीख आली की आपसूक पाय तिकडे वळतात. नाटक बघायचं असेल तर गडकरी, घाणेकर, वाशीला भावे, तिन्हीकडे शनिवार-रविवार प्रयोग असतात, तिकीट गुरुवारीच काढून टाका. काढलेलं तिकीट वाया घालवायला मराठी माणसाचा जीव होत नाही, या स्वभावाचा इथे उपयोग करून घ्या.

ठाण्यात तलावपाळीला नुसतं कट्ट्यावर बसून शेंगा खाल्ल्या तरी चालतं. त्याचा फोटो टाकायलाच हवा असं काही नाही.

पायरी 10: तीन महिन्यांनी परत तेच आकडे

परत एक आठवडा कालनिर्णयवर पाच वेळा लिहा आणि जुन्या आकड्यांशेजारी ठेवा. ‘खुर्चीतून उठलो’ आणि ‘घरी आलो’ हे दोन आधी बघा. उठायची वेळ सुधारली पण पोचायची नाही, तर अडचण ऑफिसची नाही, घर लांब आहे ही आहे. तेव्हा मग भाड्याचा हिशोब नीट करा. घोडबंदरला भाडं कमी वाटतं, पण रोजची रिक्षा, ओला आणि पोळीभाजी केंद्राचे जादाचे दिवस त्यात मिळवले तर कळवा, ऐरोली, घणसोलीचं भाडं तितकं महाग राहत नाही. दिघा गाव स्टेशन जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं, त्या बाजूलाही बघायला हरकत नाही. शाळेत जाणारं मूल असेल तर जून सोडून मध्येच हलता येत नाही हेही धरा.

आपल्याकडचं लिव्ह अँड लायसन्स बहुतेक वेळा 11 महिन्यांचं असतं, त्यात लॉक-इन किती आणि नोटीस किती ते अ‍ॅग्रीमेंट काढून आजच बघून ठेवा, आणि संपायच्या दोन महिने आधीच्या तारखेला कालनिर्णयवर ‘घर’ असं लिहून गोल करा. एजंटला त्याच आठवड्यात फोन करायचा, आणि घर बघायला रविवारी दुपारी जायचं नाही, सोमवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जायचं, त्याच लोकलने, म्हणजे किती वाजता पोचता ते तिथेच कळेल.